बसऱ्याहून आलेली फटफटी

"दंड दाखवा."

माझी आणि त्यांची ओळख या दोन शब्दांनी झाली. भिंगारला मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. गल्लीत एक खोली मिळाली होती. टांग्यातून ट्रंक उतरवत होते, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एक उंच, काटकुळे गृहस्थ धोतराचा सोगा सावरत आले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "दंड दाखवा." टांगेवाला बघत राहिला. मी चोवीस वर्षांची बाई, परक्या गावातला पहिलाच दिवस, आणि हा माणूस मला दंड दाखवायला सांगतो! माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं, आताही नाही. मी त्यांना चांगलं झाडलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलून झालं? आता दाखवा. देवी काढल्यात का न्हाई, येवढंच बगायचंय."

तर हे आमच्या गल्लीतले देवी डॉक्टर. आता देवीचा रोग राहिला नाही, म्हणून तुम्हा तरुण मंडळींना सांगायला हवं. लोकल बोर्डाची ही नोकरी. गावोगाव फिरायचं आणि लहान मुलांच्या दंडावर चार ठिकाणी देवीची लस टोचायची. डॉक्टर म्हणायचं आपलं, शिक्षण मराठी सातवी. आम्ही मानाने डॉक्टर म्हणायचो, खेड्यात त्यांना टोच्या म्हणत. 'गप नीज, न्हाई तर टोच्या यील' असं सांगून आया पोरांना झोपवायच्या. याचा त्यांना कधी राग आला नाही. "म्हंजी वळखत्यात," एवढंच म्हणायचे.

माणूस भेटला की यांची नजर तोंडाआधी दंडावर जायची. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात नवऱ्या मुलाला हळद लावत होते. हे पुढे झाले, त्याचा दंड धरून उजेडात वळवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दोनच उठल्यात. दोन वाया गेल्या." मुलीकडच्यांना वाटलं, मुलात काहीतरी खोट आहे. बायकांत कुजबुज, बाप्यांत तावातावाने बोलणी, मुलाची आई रडायच्या बेतात! शेवटी त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांना मनगटाला धरून नेलं आणि पंगतीत बसवलं. वहिनी कमी बोलायच्या, पण हे जगात फक्त त्यांनाच भ्यायचे.

त्यांचं आणखी एक पालुपद होतं, "लस जित्ती हाय तवर चला." लस काचेच्या बारीक नळ्यांतून टपालाने नगरला यायची. गारव्यात राहिली तर टिकायची, उन्हाचा ताव लागला की मरायची. मेलेली लस दिसायला अगदी जिवंत लशीसारखीच! टोचली तरी दंडावर फोड येत नाही, एवढाच फरक, आणि तोही कळतो आठ दिवसांनी. म्हणून पार्सल हातात पडलं की हा माणूस थांबत नसे. नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, फडकं मडक्यात, मडकं सायकलच्या दांडीला टांगलेलं. कोणी चहाला बोलावलं, "लस जित्ती हाय तवर..." कोणाचं मयत आडवं आलं तरी हात जोडून पुढे. त्यांचं क्षेत्र करंजी घाटाच्या पलीकडे, डोंगरातल्या वाड्यांचं. तिकडे निम्मी वाट सायकल माणसाला नेते आणि निम्मी वाट माणूस सायकलला.

लढाई संपल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा होता. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. उंबऱ्याच्या आत ते कधी पाऊल टाकत नसत. बाहेरूनच म्हणाले, "बाई, येक इंग्रजी अर्ज लिवून द्या. फटफटी आनायची हाय."

"कुठून?"

"बसऱ्याहून."

मला हसू आवरेना. "बसऱ्याहून? मग उंटच आणा की, पेट्रोल तरी लागणार नाही."

ते हसले नाहीत. ओट्याच्या कडेला बसून त्यांनी सगळं सांगितलं. वहिनींचा भाऊ लढाईत फौजेबरोबर इराकात, बसऱ्याला गेला होता आणि लढाई संपल्यावर तिथेच गोदीत कामाला राहिला होता. त्याच्या साहेबाने मायदेशी जाताना आपली जुनी फटफटी त्याला देऊन टाकली. त्याने पत्र लिहिलं, 'दाजी, मला हिचा उपयोग नाही. तुम्हाला धाडू का?'

"अहो पण फौजेच्या गाड्या इथेच गंजत पडल्यात की," मी म्हटलं. "लिलावात घ्या एखादी."

"त्यो लिलाव ठेकेदारांचा. तितं गाड्या ढिगानं घ्याव्या लागत्यात. मला येकच पायजे."

"आणि ती कशाला हवीय? सायकल आहे ना तुम्हाला?"

मग त्यांनी त्या गावाचं सांगितलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. दोन वर्षांपूर्वी, चैत्रात, ते लस घेऊन तिकडे निघाले. वाटेत सायकलचं चाक गेलं. पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. सात मुलं टोचली. "आठ दिसांनी बगाया गेलो, बाई, तर येकाच्या बी दंडावर काय न्हाई. लस वाटंतच मेल्ती. नवी मागवली. ती यायला महिना गेला. तवर गावात देवी आल्या." त्यांनी हाताची चार बोटं पुढे धरली. "चार पोरं गेली. येक बाई हाय, तिचं येकुलतं येक पोरगं हुतं. लस वाटंतच मेली ह्ये मी तिला सांगितलं, तवा ती म्हनली, तू टोचलंस म्हनून मी त्याला घरात ठिवला न्हाई. जत्रंला नेला. आता तुमीच सांगा, तिची काय चूक?"

त्यांची तरी काय चूक, असं मी म्हणायला हवं होतं. मला ते तेव्हा सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून ते गाव त्यांना शिवेच्या आत येऊ देत नव्हतं. लस मुलांना मारते, असं आता तिथे सगळे बोलत होते, आणि देवी काही एकदाच येऊन थांबत नाहीत. "पुन्यांदा आल्या तर राह्यलेली बी जातील. मला नगरहून दोन घंट्यात तितं पोचायचंय, बाई. दुसरं मला काय बी नगं."

मी दौत पुढे ओढली.

आता अर्जाची कथा. परदेशातून जुनी गाडी आणायची तर मुंबईच्या ऑफिसातून परवाना लागायचा, आणि त्या ऑफिसाला प्रश्न विचारायची हौस फार. गाडी कोणत्या सालची? किती चाललेली? मालकाशी तुमचं नातं काय? प्रत्येक प्रश्न बसऱ्याला जायचा, उत्तर बसऱ्याहून भिंगारला, मग माझ्या इंग्रजीतून मुंबईला. 'गाडी कशासाठी हवी' या रकान्यात मी झोकात लिहिलं, 'सार्वजनिक आरोग्याच्या कार्यासाठी'. ते त्यांनी समजावून घेतलं आणि म्हणाले, "हे बराबर न्हाई. त्या गावाचं लिवा. लस मेली ते लिवा."

"अहो, सरकारी कागदावर आपलीच चूक लिहून देता का? नोकरी जाईल!"

"मग सायबाला कळायचं कसं?"

झालं! दोन ओळींच्या रकान्याला मी सगळं गाव चिकटवलं. अर्ज केला तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, परवाना आला तेव्हा आपलं. पाकिटावरचा राजाचा छाप शाईने खोडलेला होता. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, आमच्या गल्लीत गूळ वाटला, पण हे पोस्टमनकडेच डोळे लावून बसले होते.

या वर्ष-दीड वर्षात त्यांनी फटफटी चालवायला शिकून घेतलं. फटफटीशिवायच! छावणीतल्या वर्कशॉपात एक फिटर त्यांच्या ओळखीचा होता. त्याने ओट्याच्या भिंतीवर कोळशाने गिअर, क्लच सगळं काढून दिलं. यांनी एक रिकामं पिंप आडवं केलं, पुढे एक दांडकं बांधलं आणि रोज संध्याकाळी त्यावर बसून तोंडाने आवाज काढत गिअर बदलायला लागले. वहिनी आतून म्हणायच्या, "अवो, लोकं बगत्यात." लोक बघतच होते. मी तर वह्या तपासायला मुद्दाम खिडकीत बसायची. एकदा मी विचारलं, "काय डॉक्टर, कुठवर आलात?" तर समोरची नजर न हलवता म्हणाले, "घाटात हाय. बोलू नगा."

एकीकडे वहिनींनी फटफटी सुखरूप यावी म्हणून देवीला नवस बोलून ठेवला. रविवारी चर्चमधल्या उपासनेत मीही गुपचूप प्रार्थना केली. कोणाची कामी आली कोण जाणे, पण फटफटी जहाजातून मुंबईला उतरली. उतरली आणि अडकली.

कारण खजूर. त्यांच्या मेव्हण्याला वाटलं, पेटीत गाडी हलून आपटेल, आणि बहिणीच्या घरी मोकळ्या हाताने काय पाठवायचं. दोन्ही गोष्टी त्याने एकदम साधल्या. पेटीतली जेवढी पोकळी होती तेवढी सगळी त्याने खजुराने ठासून भरली. हॉर्न काढून त्यातसुद्धा खजूर कोंबला. मुंबईहून पत्र आलं, परवाना फक्त एका जुन्या मोटरसायकलचा आहे, तर पेटीतल्या खाद्यपदार्थाचा खुलासा करावा.

मी लिहिलं, 'सदर खजूर खाण्यासाठी नसून गाडी हलू नये म्हणून घातलेला आहे.' वाचून दाखवलं तर यांचं सुरू, "पन खायाचा बी हाय की. खोटं कशाला लिवायचं?" मी कपाळाला हात लावला. शेवटी असं लिहिलं, की खजूर आधी गाडी धरून ठेवण्यासाठी आणि नंतर खाण्यासाठी आहे. ते वाचून मुंबईचा कोणीतरी अधिकारी हसला असावा. पुढच्याच आठवड्यात पेटी नगर स्टेशनावर आली.

बैलगाडीतून ती भिंगारला आणली तेव्हा अर्धी गल्ली बरोबर चालत होती आणि मुंग्या किती होत्या ते विचारू नका. जहाजाच्या पोटात उकाड्याने खजूर वितळला होता. फळ्या काढल्या, तर आत मोटरसायकल नाहीच! चिकट, काळा, गोड वास येणारा एक ढीग होता. बायकांनी पदर तोंडाला लावले, हसण्यासाठी की वासाने ते माहीत नाही. यांचा चेहरा मात्र इतका उतरला, की मला माझं हसू गिळावं लागलं. वहिनींनी सरळ जाऊन बंब पेटवला. दोन दिवस आम्ही सगळे गरम पाणी आणि चिंचेने ती फटफटी धूत होतो. चाकाची एकेक तार मी माझ्या हाताने पुसलीय. धुता धुता आतून हिरवा रंग निघाला, कुणा साहेबाने टाकीवर कोरलेली दोन अक्षरं निघाली, आणि फिटरने पाचव्या लाथेला ती चालू केली तेव्हा वहिनी रडल्या. हॉर्न पुढे वर्षभर पडसं झाल्यासारखा वाजायचा.

पहिल्या दिवशी सगळं भिंगार रस्त्यावर. यांनी धोतर सोडून खाकी पँट शिवून घेतली होती, ती घालून बसले. गिअर टाकले, क्लच सोडला, सगळं भिंतीवर काढल्यासारखं बरोबर, आणि गाडी पाथर्डी रस्त्याने निघून गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्धा तास झाला, तास झाला, हे परत येईनात. शेवटी ऊन कलल्यावर फटफटी ढकलत आले. पहिला मोठा चढ लागला तेव्हा ती आपोआप बंद पडली म्हणून थांबले, नाहीतर थेट पैठणला गेले असते. "थांबायचं शिकलोच न्हाई, बाई," म्हणाले. बरोबरच आहे. पिंपाला ब्रेक कुठे होता?

तर अशी फटफटी आली, पेट्रोलची कुपनं मिळाली, बोर्डाने हूं म्हटलं. लशीचं पार्सल आलं आणि हे डोंगरातल्या पहिल्या वाडीवर जाऊन पोचले, दोन तासांच्या आत. वाडीत चिटपाखरू नाही. ओसरीवर दोन म्हातारे आणि एक कुत्रं. मुलं कुठेच नाहीत.

तुमच्या लक्षात आलं का? आमच्या कोणाच्याच आलं नव्हतं. इतकी वर्षं हे सायकलवर पहाटेच्या अंधुक उजेडात, मुकाट्याने वाडीत शिरायचे. मुलं अंथरुणात असतानाच सापडायची. ही त्यांची खरी युक्ती. आणि आता फटफटीचा आवाज डोंगरातून दीड कोस आधी पोचायचा! टोच्या आला, टोच्या आला, म्हणून आया पोरांना उचलून ज्वारीत, गंजीत, विहिरीच्या पायऱ्यांवर लपवायच्या. दोन वर्षं मुंबईला पत्रं लिहिली, खजूर धुतला, आणि आणलं काय, तर दवंडी!

त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले आणि जेवायला उठेनात. मी म्हटलं, "गाडी अलीकडे थांबवा आणि चालत जा." त्यांनी तेही करून पाहिलं. ओढ्याजवळ बंद करून फटफटी ढकलत नेली. ती काय सायकल आहे? पोचेपर्यंत घामाघूम, आणि हात इतके थरथरायचे की सुई धरता येईना.

वाट सापडली ती एका मुलीमुळे. दुसऱ्या एका वाडीत असेच ते रिकाम्या पारावर बसले होते. गंजीतून पाच-सहा वर्षांची एक पोर बाहेर आली. टोच्याचं तिला भय होतंच, पण फटफटीने तिला राहवेना. तिने लांबूनच विचारलं, "ह्याच्यावं बसाया येतं?"

"येतं की. पन आदी टोचायचं."

पोरीने विचार केला. मग हात पुढे केला, डोळे गच्च मिटले, टोचून घेतलं आणि मारुतीच्या देवळापर्यंत एक फेरी मारून आली. ती खाली उतरेपर्यंत गंजीतून, ज्वारीतून, विहिरीतून पोरं निघायला लागली. आया मागून ओरडतायत, पोरं पुढे रांगेत! त्या दिवशी मडक्यातली लस संपली आणि पोरं उरली.

तिथून पुढे चमत्कारच झाला म्हणा. आवाज आला की मुलं शिवेकडे धावायची. ज्यांना आधी टोचलं होतं तीसुद्धा बाही वर करून उभी, "मला परत टोचा." एका गावात तर पंचावन्न वर्षांचे पाटील रांगेत उभे राहिले. हे म्हणाले, "आवो पाटील, तुमाला कशाला?" पाटील म्हणाले, "टोचाया न्हाई. फेरीला." हे सगळं ते मला ओट्यावरून रंगवून सांगायचे आणि मी पोट धरून हसायची. अशी संध्याकाळ गेली की मला बरं वाटायचं. भिंगारात एकटीने राहणाऱ्या बाईला असं शेजारघर मिळालं, हे माझं भाग्यच.

पण ते गाव राहिलंच होतं. दर पंधरा दिवसांनी हे त्याच्या शिवेपर्यंत जायचे. आत जायचे नाहीत. गाडी चालू ठेवायची, तासभर उभं राहायचं, परत फिरायचं. मी म्हणायची, "अहो, सरळ आत शिरा ना. मुलं येतील की फेरीसाठी." त्यावर एकदाच चिडून म्हणाले, "त्या गावची पोरं मी फेरीवं न्हाई भुलवनार. आईबापांनी आनून दिली तरच."

थंडीत शेजारच्या टापूत देवीची लागण सुरू झाल्याची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी हे जाऊन शिवेवर उभे राहिले. पाऊण तास झाल्यावर ती बाई आली, जिचा मुलगा गेला होता ती. कडेवर दोन वर्षांची मुलगी.

"कवा निघालास?" तिने विचारलं.

"ऊन वर आल्यावं."

तिने सूर्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. टाकीवर हात ठेवला आणि चटका बसला म्हणून मागे घेतला. मग मुलीची बाही वर केली. म्हणाली, "माझा भरवसा तुझ्यावं न्हाई. ह्या गाडीवं हाय."

हे मला सांगताना ते हसत होते. मला मात्र लागलं. मी म्हटलं, "तोंडावर असं बोलली? तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशापायी? भरवसा कुटं बी बसंना का. पोरीचा हात तर माझ्या हातात दिला."

त्या दिवशी त्या गावातली सगळी मुलं टोचून झाली. आठव्या दिवशी हे बघायला गेले आणि दुपारी परत येऊन ओट्यावर बसले. मी शाळेतून आले तर हे रडत होते, उघडपणे, हुंदके देऊन. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभ्या. "काय झालं हो?"

"समद्यांच्या उठल्या, बाई. येकेकाच्या चारी उठल्या."

देवी त्या टापूत आल्या, पण त्या गावात कोणाच्या घरात शिरल्या नाहीत.

फटफटी त्यांनी पुरती दीड वर्षं चालवली. पुढच्या वर्षी श्रावणात त्यांना ताप आला. साधाच वाटला, मग उतरेना. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं केलं. तापाच्या ग्लानीतसुद्धा हे त्यांचा दंड बघायचा प्रयत्न करत होते. तेराव्या दिवशी सकाळी गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. मी रागावले होते, कोणावर ते कळत नव्हतं. त्या आठवड्यात वर्गात मी दोन मुलींना उगीच ओरडले.

त्यांच्या जागी नवे डॉक्टर आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, कामाला चोख. थंडी पडल्यावर ते सायकलने त्या गावाला गेले आणि तिसऱ्या दिवशी तणतणत माझ्या दारात उभे राहिले. "तुमच्या त्या जुन्या डॉक्टरांनी गावाला शिकवून तरी काय ठेवलंय? वर्षभरात जन्मलेली मुलं टोचायची आहेत, तर ती बाई मला शिवेवर अडवून म्हणते, सायकलवरची लस मेलेली असती, फटफटीवरची आन!"

"पण आता थंडी आहे. लस टिकते की."

"तेच तर मी सांगत होतो! ऐकतंय कोण?"

मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी कोणालाच काही शिकवलं नव्हतं. त्या बाईने सायकलवरची लस पाहिली होती आणि फटफटीवरचीही. तिचा हिशेब तिने केला होता.

वहिनी समोरच्या ओट्यावरून ऐकत होत्या. त्या दिवसांत त्या कोणाशी बोलत नसत. उठून आल्या आणि नव्या डॉक्टरांना म्हणाल्या, "फटफटी न्या."

"मला चालवता येत नाही, वहिनी."

"मग मी घिऊन येते."

केडगावच्या एका ओळखीच्या माणसाचा ट्रक तिकडे माल आणायला जाणार होता. त्यात फटफटी उभी करून दोरांनी बांधली. टाकी रिकामीच होती. नवे डॉक्टर, वहिनी आणि शाळेला रजा टाकून मी. त्या गावाच्या फाट्यावर ट्रकने आम्हाला उतरवलं आणि तिथून आम्ही ती ढकलत नेली. वहिनींनी हँडल कोणाला धरू दिलं नाही.

आवाज नव्हता, त्यामुळे मुलं काही धावत आली नाहीत. शिवेवर आम्ही पोचलो तेव्हा ती बाईच पुढे आली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. माझ्याच वयाची असेल. तिने गाडीच्या टाकीवर हात ठेवला. गाडी गार होती.

"ही बंद का आनली?" तिने विचारलं. "त्यो कुटं हाय?"

नव्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. त्या बाईने वहिनींच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे कुंकू नव्हतं.

मग ती फटफटीच्या मागे गेली आणि जोर लावायला लागली. वहिनी पुढून, ती मागून, अशी त्या दोघींनी गाडी पारापाशी नेऊन उभी केली. आतापर्यंत पोरं दारादारातून डोकवायला लागली होती, पण एकही जवळ येत नव्हतं. बाईने पदराने तोंड पुसलं, आपली मुलगी उचलून सीटवर बसवली आणि गावाकडे वळून मोठ्याने हाक मारली.

"या रं पोरांनो. आज फेरी न्हाई मिळायची. तरी या."

एक मूल उंबरा उतरलं. मग दुसरं. आणि मग सगळी आली.